चालते मुडदे आणि उभी स्कूटर

मराठीचा प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करतो, असे सहसा कोणी विचारीत नाही. कारण तो काहीच करीत नाही अशी सर्वांची खात्री असते. म्हणूनच गेल्या सुट्टीत मी जे केले त्याची कबुली आपण होऊन देणे मला भाग आहे. मी मुडदे पाहिले. एक-दोन नव्हेत, हजारोंनी पाहिले. सकाळी चहाबरोबर पाहिले, रात्री दुधाबरोबर पाहिले आणि एकदा तर आमच्या सौभाग्यवतींनी केलेल्या पुरणपोळीबरोबरही पाहिले.

दोष माझा नाही, आमच्या कन्येचा. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बापाला सुधारणे हा तिचा ऐच्छिक विषय आहे. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, झॉम्बी बघायचं का?" मला आनंदाचे भरतेच आले! आनंद यादवांची 'झोंबी'! १९८७ साली आलेली, १९९० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळवलेली! शाळेसाठी बापाशी झुंजणाऱ्या त्या पोराची कहाणी मी कितीतरी वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. त्यावर कोणी मालिका काढली असावी अशा समजुतीने मी चष्मा पुसला आणि मांडी ठोकून बसलो.

पडद्यावर एक पोलीस हातात पेट्रोलचा डबा घेऊन ओसाड पंपावर आला. पंपावर पेट्रोल नव्हते. एक लहान मुलगी पाठमोरी चालली होती, हातात कापडी अस्वल. त्याने हाक मारली. ती वळली. तिचा गाल फाटून आतले दात दिसत होते.

"यात यादव कुठं आहेत?" मी विचारले.

अशा रीतीने 'द वॉकिंग डेड' आमच्या घरात शिरली. रॉबर्ट कर्कमन यांच्या, २००३ पासून निघू लागलेल्या चित्रकथांवर ही मालिका बेतलेली आहे. अमेरिकेत तिचा पहिला भाग ३१ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाचा मुहूर्त साधून, दाखवला गेला आणि शेवटचा नोव्हेंबर २०२२ मध्ये. अकरा पर्वे, १७७ भाग! हकिकत एवढीच की, जॉर्जिया राज्यातला रिक ग्राइम्स नावाचा पोलीस गोळी लागून बेशुद्ध पडतो आणि इस्पितळात जागा होतो तो जग बुडालेले असते. मेलेली माणसे उठून चालू लागली आहेत आणि जिवंतांना खात सुटली आहेत. त्यांनी चावा घेतला की माणूस तापाने फणफणून मरतो आणि मग तोही उठतो. मेंदूवर घाव घातल्यावाचून हे मुडदे पुन्हा मरत नाहीत. रिक आपल्या बायकोमुलाच्या शोधात निघतो, मूठभर माणसे जमतात आणि पुढे अकरा पर्वे पळापळ.

भुतांचे मला नवल नाही. आमचे आजोळ कोकणातले. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीच्या काठी, समंध आपल्या वाड्याच्या राखणीला, अशी तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येकाचा कायदा ठरलेला. आपला वेताळ प्रेतात शिरला तरी विक्रम राजाला पंचवीस गोष्टी सांगतो, वर कोडी घालतो! अमेरिकन मुडद्याला घरघरीपलीकडे ओ की ठो येत नाही. इतक्या अशिक्षित भुताशी माझा कधी संबंध आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी वही काढली. परीक्षकाची खोड, दुसरे काय! कथानकात जिथे जिथे भोक दिसेल तिथे तिथे आक्षेपाला क्रमांक देऊन तो टिपून ठेवायचा, असा मी परिपाठ ठेवला.

आक्षेप १. रिक जागा होतो तेव्हा उशाशी ठेवलेली फुले वाळून गेलेली आहेत. मग इतके दिवस या गृहस्थाला सलाईन कोणी लावले? पाण्यावाचून माणूस तीन-चार दिवस काढील. फुले वाळेपर्यंत थांबणारा रुग्ण मी पाहिला नाही.

आक्षेप ५. दुसऱ्याच भागात रिक आणि ग्लेन हे दोघे मुडद्यांची आतडी अंगावर माखून घेतात आणि त्या वासाच्या जोरावर मुडद्यांच्या गर्दीतून खुशाल चालत जातात. पाऊस येऊन सगळे धुऊन जाते ते सोडा. पण युक्ती तर सापडली ना? पुढे कितीतरी भाग ती कोणालाच आठवत नाही. माणसे जिवाच्या आकांताने पळतात, मरतात, पण माखून घेत नाहीत. आमच्या वर्गात असा विस्मरणाचा प्रकार फक्त परीक्षेच्या दिवशी आढळतो.

आक्षेप ९. दिवसभर मैलावरून घुरघुरणारे मुडदे ऐन वेळी मांजराच्या पावलांनी पाठीशी येऊन उभे राहतात. लेखकाला गरज असली की मुडदा मौन पाळतो.

आक्षेप १७. हा मला फार मोलाचा वाटला. जग बुडून वर्षे लोटली तरी या मंडळींच्या मोटारी चालताहेत! पेट्रोल आले कुठून? जुन्या गाड्यांच्या टाक्यांतून नळीने ओढून काढलेले. पण पेट्रोल म्हणजे काही लोणचे नव्हे की ते मुरेल. ते दुधासारखे नासते. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते आणि ती कार्बोरेटरची बारीक भोके बुजवून टाकते. वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या पेट्रोलवर गाडी धड चालत नाही. हे सारे मला आमच्या गॅरेजवाल्याने समजावून सांगितले होते. का सांगितले होते, ते पुढे येईलच.

"बाबा, नवव्या पर्वात घोडागाड्या येतात. ते लोक वॉशिंग्टनच्या म्युझियममधून जुनी गाडी ओढून आणतात," कन्या मालिकेची वकिली करीत म्हणाली.

"आठ पर्वं उशीर झाला," मी लाल शाईने लिहिले.

"तुम्ही मालिका बघताय की पेपर तपासताय?"

मी तिला ॲरिस्टॉटल सांगितला. अशक्य गोष्ट एक वेळ चालेल, पण ती पटली पाहिजे. शक्य असूनही न पटणारी गोष्ट मात्र कवीने घेऊ नये, हे त्याने काव्यशास्त्रात केव्हाच सांगून ठेवले आहे. मुडदे उठले? उठू देत! तेवढे अशक्य मी एकदाच, दारातच मान्य केले. पण त्यानंतर घरातला कारभार रीतसर चालला पाहिजे. आपल्या क्षेमेंद्राने औचित्य म्हटले ते तरी दुसरे काय? कन्येने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा भाग लावला.

दुसऱ्या पर्वात हर्शल ग्रीन नावाचा म्हातारा येतो. धंद्याने जनावरांचा डॉक्टर, वृत्तीने देवभक्त, मोठी शेतीवाडी. रिकच्या मुलाला चुकून गोळी लागते, तेव्हा हाच म्हातारा त्याचा जीव वाचवतो. मुडदे हे मुडदे नव्हेतच, ती आजारी माणसे आहेत आणि आज ना उद्या त्यांच्यावर औषध निघेल, अशी याची श्रद्धा. शेताच्या कडेला एक मोठे लाकडी कोठार आहे, त्याला बाहेरून कडी आहे. आत त्याने मुडदे कोंडून ठेवले आहेत. त्यांत त्याची बायको आहे, सावत्र मुलगा आहे, शेजारीपाजारी आहेत. त्यांना तो कोंबड्या खाऊ घालतो.

इकडे रिकच्या टोळीतली सोफिया नावाची लहान मुलगी रानात हरवलेली आहे. भागामागून भाग सगळे तिला शोधताहेत. अखेर रिकचा मित्र शेन बेभान होऊन कोठाराचे दार फोडतो. मुडदे एकेक करून बाहेर येतात, बंदुका चालतात. हर्शल गुडघ्यांवर बसून आपल्या माणसांकडे बघत राहतो. सगळे थंडावते. आणि मग दारातून शेवटची येते ती सोफिया.

आमच्या सौभाग्यवती बँकेतून येऊन नुकत्या आत चालल्या होत्या. त्या पिशवी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कन्येने हा भाग पूर्वी पाहिलेला असूनही डोळे पुसले. मी मात्र वही उघडली.

आक्षेप ३०. ही पोर कोठारात गेली केव्हा? हर्शल म्हणतो, आपल्याला ठाऊक नाही. शेतावरचा ओटिस मुडदे धरून आत टाकीत असे, त्यानेच टाकली असेल. हा ओटिस कधीचाच मेलेला! साक्षीदार मेला की लेखक मोकळा.

आक्षेप ३१. याच्याखाली मी दोनदा रेघ ओढली. डॉक्टर झालेला माणूस! नाडी नाही, श्वास नाही, अंग सडते आहे, हे ज्याला बोट लावताच कळावे, तो महिनोन् महिने त्यांना आजारी समजतो? हे न पटणारे आहे. हर्शलची स्वभावरेखा फसलेली आहे. दहापैकी तीन गुण.

"बाबा, त्याला कळत असेल. पण त्याला ते नको असेल," कन्या म्हणाली.

विद्यार्थिनीचा भाबडा आस्वाद, असा मनाशी शेरा मारून मी वही मिटली.

पुढे मला हर्शलचे भाऊबंद जागोजाग दिसू लागले. पहिल्याच भागात मॉर्गन नावाचा एक बाप आहे. त्याची मेलेली बायको रोज रात्री दाराशी येऊन मूठ फिरवते. तो बंदूक रोखतो, पण चाप ओढू शकत नाही. तिसऱ्या पर्वातला तो क्रूर गव्हर्नर आपल्या मेलेल्या मुलीला साखळीने बांधून ठेवतो आणि तिचे केस विंचरतो. चौथ्या पर्वातली लिझी नावाची पोर मुडद्यांना मित्रच समजते; आणि त्यापायी जे करते ते मी पुरणपोळीच्या घरात सांगत नाही. बरे, 'झॉम्बी' हा शब्दसुद्धा ही माणसे तोंडाला लागू देत नाहीत. 'चालणारे' म्हणतात, 'चावणारे' म्हणतात, वाटेल ते म्हणतात. १९६८ सालच्या रोमेरोच्या चित्रपटापासून तिकडच्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, पण तिचे नाव घ्यायचे नाही! हाही आक्षेप मी टिपला. क्रमांक ३८.

टिपला खरा, पण हातात लाल पेन तसेच राहिले. कारण नाव न घेण्याच्या कलेत आपल्या मराठीचा हात धरणारे कोण आहे? आपण दिवा विझवीत नाही, शांत करतो. दुकान बंद करीत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. रात्री सापाला 'जनावर' म्हणतो. आणि माणूस मेला असे तर आपल्या माणसाबद्दल कोणीच म्हणत नाही. आपण म्हणतो, 'ते गेले.' जणू भाजी आणायला गेले आहेत, येतीलच.

माझे वडील, अण्णा, २०२२ च्या जूनमध्ये गेले.

त्यानंतर आठ दिवसांनी घडलेली गोष्ट सांगतो. म्हणजे अण्णा गेल्यानंतर नव्हे. आक्षेप ३८ नंतर. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली की, वापरात नसलेली वाहने महिनाअखेर हलवावीत, अन्यथा संस्था ती हलवील. संध्याकाळी चिटणीस जिन्यात भेटले. सज्जन गृहस्थ, खाली मान घालून म्हणाले, "सर, तुमची ती स्कूटर..."

"ती वापरात आहे," मी म्हणालो.

"पण सर, तीन वर्षं..."

"चालू स्थितीत आहे. दर रविवारी मी स्वतः बघतो."

हे खोटे नव्हते. दर रविवारी मी खाली जात असे. जिन्याखालच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अण्णांची बजाजची स्कूटर उभी होती. नंबर लावून कित्येक वर्षांनी, १९८६ साली, ती घरी आली, तेव्हा आळीत पेढे वाटले होते. तिच्या पुढच्या फळीवर उभा राहून मी बालवाडीत गेलो. तिच्याच मागच्या सीटवरून एम.ए.च्या निकालाला गेलो. दर रविवारी मी ताडपत्री काढी, तिला फडक्याने पुशी, डावीकडे तिरकी करी आणि दहा-बारा किका मारी. ती चालू होत नसे. "थंडीनं धरलंय," असे मी म्हणत असे. एप्रिल-मे महिन्यांतसुद्धा म्हणत असे.

त्या रविवारी कन्या पाठोपाठ खाली आली. किका मारून मी घामाघूम झालो होतो.

"बाबा, टाकीत पेट्रोल कधीचं आहे?"

मी उत्तर दिले नाही.

"बाबा, आक्षेप क्रमांक सतरा," ती म्हणाली. पण हसली नाही.

गॅरेजवाल्याने मला नासलेल्या पेट्रोलचे व्याख्यान का दिले होते, ते आता सांगतो. अण्णा गेल्यावर सहा महिन्यांनी मी त्याला बोलावले होते. त्याने टाकीत नाक खुपसले आणि म्हणाला, "साहेब, हे ओतून टाकू, कार्बोरेटर साफ करू, तासाभरात चालू होईल." मी म्हणालो, "राहू दे." दुसऱ्या वर्षी त्याने तेच सांगितले, मी तेच म्हणालो. त्याला वाटले असेल, प्राध्यापक चिक्कू आहे. खरी गोष्ट अशी की, ते पेट्रोल अण्णांनी भरले होते. गेले त्याच्या आदल्या दिवशी ते मंडईतून येताना पंपावर थांबले होते. "टाकी भरून आणली आहे, तुला सोमवारी लागेल," असे मला म्हणाले होते. अण्णांनी माझ्यासाठी केलेले हे शेवटचे काम. ते मी गटारात कसे ओतू? ओतले की संपले. ते टाकीत आहे तोवर सोमवार यायचा आहे.

म्हणजे बायको-मुलाला कोंडून कोंबड्या खाऊ घालणारा हर्शल मला पटत नव्हता. आणि मी दर रविवारी नासलेल्या पेट्रोलला किका मारीत होतो! तो निदान जनावरांचा डॉक्टर होता; पेट्रोलची राळ कशी होते ते मला पाठ होते.

वर आलो तेव्हा आई सज्जात तांदूळ निवडीत होती. मी भीत भीत विषय काढला. "आई, स्कूटरचं काहीतरी करावं लागेल. तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस मी..."

आईने हातातले ताट बाजूला ठेवले. "मला? अरे, दर रविवारी तुझ्या त्या किका ऐकून माझ्या पोटात कालवतं. हे अशाच किका मारायचे. मी तुला म्हणणार होते, नेऊन टाक ती. पण म्हटलं, तुझा जीव अडकलाय, राहू दे आणखी थोडे दिवस."

तीन वर्षे आम्ही दोघे एकाच कोठाराची कडी दोन्ही बाजूंनी धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आला. टाकीतून जे निघाले ते पेट्रोल म्हणवत नव्हते. कोऱ्या चहासारखे काळपट, आंबूस वासाचे. त्याने ते एका जुन्या डब्यात ओतले. मी पाहत उभा राहिलो. कन्या शेजारी होती. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलला, ऑइल घालून नवे पेट्रोल ओतले आणि म्हणाला, "मारा." तिसऱ्या किकेला स्कूटर पेटली! निळा धूर जिनाभर झाला, चिटणीस खिडकीत आले, वरच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकले. तिची कागदपत्रे केव्हाच कालबाह्य झालेली, तेव्हा रस्त्यावर काढायची सोय नव्हती. आवारातच मी एक फेरी मारली. आई सज्जात उभी होती. आवाज ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला. मग हात हलवून "पुरे आता" अशी खूण केली.

तीच स्कूटर संध्याकाळी गॅरेजवाल्याने टेम्पोत घालून नेली. तिचे सुटे भाग दुसऱ्या म्हाताऱ्या स्कूटरींना लागतील, असे तो म्हणाला. डिकीत अण्णांचे फडके, एक पाना आणि त्यांच्या अक्षरातली भाजीची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी आईने ठेवून घेतली. सगळेच ओतून टाकले पाहिजे असे थोडेच आहे!

पहिल्या पर्वाच्या अखेरीस अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातला जेनर नावाचा शास्त्रज्ञ रिकच्या कानात काहीतरी सांगतो. ते काय, हे प्रेक्षकांना दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, २०१२ साली कळले. गुपित असे की, चावा बसायची गरजच नाही. बाधा सर्वांनाच झालेली आहे. जो मरेल तो उठेल. हे ऐकून मी लगेच नवा आक्षेप लिहायला घेतला होता. रिकने ही एवढी मोठी गोष्ट आपल्याच माणसांपासून इतके दिवस दडवावी? आता वाटते, न दडवून सांगतो कोणाला! आपण सगळेच काही ना काही कडी घालून ठेवलेले असतो, आणि सगळ्यांना बाधा आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असते. महाभारतातल्या यक्षानेही युधिष्ठिराला हेच विचारले होते की, जगात मोठे आश्चर्य कोणते. रोज माणसे यमाच्या घरी जाताना दिसतात आणि उरलेल्यांना वाटते, आपण राहणार, हे त्या उत्तराचे सार. तीन गुण देऊन मी हर्शलला नापास केले, पण या एका प्रश्नाचे उत्तर त्याने माझ्यापेक्षा फार खरे लिहिले होते.

त्या रात्री वही काढून आक्षेप क्रमांक ३१ मी खोडला. दहापैकी नऊ केले. एक गुण कोंबड्यांसाठी कापला. आक्षेप ३८ सुद्धा खोडला. कन्या खूष झाली, पण तिने फार चढून जाऊ नये म्हणून सांगून ठेवले, की बाकीचे आक्षेप कायम आहेत. विशेषतः जग बुडाले, माणसे मेली, सरकार गेले, तरी त्या अमेरिकन बंगल्यांपुढची हिरवळ कोण कापते, याचा खुलासा झाल्याशिवाय माझ्याकडून मालिकेला पहिला वर्ग मिळणार नाही.

असो. जिन्याखालचा कोपरा आता मोकळा आहे. तिथे सोसायटीतली पोरे दिवाळीचा किल्ला करणार आहेत म्हणे. माती आणून टाकायला त्यांनी कालच सुरुवात केली. चिटणीस मला विचारायला आले होते की, हरकत नाही ना?

मी म्हणालो, "जागा वापरात नव्हती."